तर, तरच आणि तरी



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 9, श्लोक 30 आणि 31

आजचे दोन श्लोक तुमच्यापैकी अनेकांना पाठ असतील. पहिल्यात भगवान म्हणतात, एखादा माणूस कितीही दुराचारी असला तरी त्याने अनन्यभावाने माझी भक्ती धरली, तर त्याला साधूच समजावं, कारण त्याचा निश्चय योग्य जागी बसला आहे. दुसऱ्यात पुढचं सांगतात : असा माणूस लवकरच धर्मात्मा होतो, त्याला कायमची शांती मिळते. आणि शेवटी अर्जुनाला म्हणतात, माझ्या भक्ताचा नाश होत नाही, हे तू खुशाल सगळ्यांना सांग.

किती धीर देणारं वचन आहे हे! पण हेच वचन उलटं धरलं, तर ते एखाद्याला दगडासारखं लागू शकतं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

माझ्या एका मैत्रिणीच्या आईची केमोथेरपी चालू होती. काकू रोज विष्णुसहस्रनाम म्हणणाऱ्या, एकादशी न चुकवणाऱ्या. भेटायला आलेले एक नातेवाईक पलंगाशेजारी बसून म्हणाले, “एवढं सगळं करूनही हे झालं, म्हणजे कुठेतरी काहीतरी राहिलं असणार. आठवून बघा.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण काकू त्या रात्री झोपल्या नाहीत. कुठली एकादशी मोडली, कुठला नैवेद्य राहिला, हेच आठवत बसल्या.

त्या नातेवाइकांनी शास्त्रातलं वचन खोटं सांगितलं का? नाही. त्यांनी वचनावरून निष्कर्ष चुकीचा काढला. आणि आपण सगळे हे किती सहज करतो, ते बघितलं की अंगावर काटा येतो.

पाऊस आणि ओला रस्ता

आपण एक साधं वाक्य घेऊ : पाऊस पडला तर रस्ता ओला होतो.

हे वाक्य खरं धरलं, तर त्यावरून माणसं चार प्रकारे निष्कर्ष काढतात.

1. पाऊस पडला. म्हणून रस्ता ओला असणार. — बरोबर.

2. रस्ता ओला नाही. म्हणून पाऊस पडलेला नाही. — हेही बरोबर.

3. रस्ता ओला आहे. म्हणून पाऊस पडला. — चूक. पाण्याचा टँकर गळत गेला असेल, कुणी गाडी धुतली असेल, पाइप फुटला असेल.

4. पाऊस पडला नाही. म्हणून रस्ता ओला नाही. — चूक. कारण तेच, टँकर आहेच.

तुमच्यापैकी जे कोडिंग करतात त्यांना हे नवीन नाही. ‘इफ’ची अट पूर्ण झाली की आतली ओळ चालते. पण स्क्रीनवर तोच आउटपुट दिसला म्हणून ती त्याच ‘इफ’मधून आली असं कुणी म्हणत नाही, प्रोग्रॅममध्ये दुसरीकडेही तीच ओळ असू शकते. ऑफिसात हे आपल्याला बरोबर कळतं, पण देव्हाऱ्यासमोर बसलो की विसरायला होतं.

आता सत्यनारायणाच्या कथेकडे या. कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावली आणि तिचा नवरा नौकेसह दिसेनासा झाला. कथा सांगते : प्रसादाचा अनादर झाला, तर संकट आलं. आपण घरी येऊन काय म्हणतो? धंद्यात नुकसान झालं, म्हणजे कुठेतरी प्रसाद राहिला. ही तिसरी चाल आहे, ओल्या रस्त्यावरून पाऊस ओळखण्याची. कथेत तसं कुठेही म्हटलेलं नाही.

छोटासा ‘च’

आपल्या मराठीत हा फरक एका अक्षरात मावतो. “अभ्यास केलास तर पास होशील” आणि “अभ्यास केलास तरच पास होशील.” पहिल्या वाक्यात एक रस्ता दाखवला. दुसऱ्यात बाकीचे सगळे रस्ते बंद केले. ‘तर’ ऐकून ‘तरच’ समजायचं, ही आपली जुनी खोड.

नवव्या अध्यायातच 26वा श्लोक आहे. भक्तीने कुणी पान, फूल, फळ किंवा पाणी दिलं, तर मी ते स्वीकारतो, असं भगवान सांगतात. हॉस्टेलवर राहणारी एखादी मुलगी हे वाचते आणि मनात म्हणते, “माझ्याकडे देव्हाराही नाही, फूल कुठून आणू? म्हणजे माझं काहीच पोचत नाही.” बघा, तिने न कळत ‘च’ घातला! श्लोकात एक दार उघडलं आहे. दुसरं दार बंद केल्याचं त्यात नाही.

मग गीतेत ‘तरच’ कुठेच नाही का? आहे, आणि तिथे ते अगदी उघड सांगितलं आहे. अकराव्या अध्यायाच्या शेवटी, 53व्या आणि 54व्या श्लोकात पाहा. आधी म्हटलंय की वेदांनी, तपाने, दानाने, यज्ञाने माझं हे रूप असं पाहता येत नाही. मग म्हटलंय, अनन्य भक्तीने मात्र येतं. आधी इतर दारं लावली, मग एक उघडलं. ‘तरच’ म्हणायला असे दोन वेगळे शब्दप्रयोग लागतात. एका वाक्यातून दुसरं आपोआप निघत नाही, हे गीतेला पक्कं माहीत आहे.

दुसऱ्या अध्यायातली ती प्रसिद्ध साखळी आठवा, श्लोक 62 आणि 63. विषयांचं चिंतन केलं की आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध, मग संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि शेवटी अधःपात. कडीला कडी जोडत नेलेला हा निष्कर्ष अगदी पक्का आहे. पण एवढ्यावरून “चिंतन सोडलं की शांती मिळेल” हे सिद्ध होतं का? नाही होत. ती चौथी चाल झाली. म्हणूनच 64व्या श्लोकात भगवान वेगळं वचन देतात : रागद्वेष सोडून, इंद्रियं ताब्यात ठेवून जो वागतो त्याला प्रसन्नता मिळते. आपण गृहीत धरलं असतं ते त्यांनी मुद्दाम उच्चारून सांगितलं.

गंमत म्हणजे हे व्हॉट्सअॅपवरच्या त्या मेसेजवाल्यांनाही कळतं. “हा मेसेज 11 जणांना पाठवा, आनंदाची बातमी येईल” एवढं लिहून ते थांबत नाहीत. “नाही पाठवलात तर नुकसान होईल” हे त्यांना वेगळं लिहावं लागतं, कारण पहिल्या वाक्यातून धमकी निघतच नाही! फरक एवढाच की आपल्या मनाला ती लिहावीही लागत नाही, ते स्वतःच तयार करतं.

धूर आणि लोखंडाचा गोळा

“भक्तीत लॉजिक कशाला आणता?” असं कुणाला वाटेल. पण हे काही बाहेरून आणलेलं नाही. आपल्याकडे न्यायदर्शन हे आख्खं शास्त्र याच कामासाठी उभं राहिलं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. का? कारण जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात चुलीपाशी. या ‘जिथे हे, तिथे ते’ नात्याला नैयायिक ‘व्याप्ती’ म्हणतात.

आता उलटं करून बघा : जिथे आग तिथे धूर? नैयायिक लगेच तापलेला लोखंडाचा गोळा पुढे ठेवतात. आत आग आहे, पण धूर कुठाय? मग ते विचारतात, आगीला धूर कधी येतो? लाकूड ओलं असेल तेव्हा. या लपलेल्या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ हे विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं छोटंसं पुस्तक, त्यातही हेच उदाहरण येतं. म्हणजे पाठशाळेतल्या मुलाला सुरुवातीलाच हे शिकवत : नातं एका दिशेने पक्कं असलं, म्हणून ते उलट्या दिशेने पक्कं नसतं.

चोखोबांचं काय?

आता आजच्या श्लोकाकडे परत येऊ. इथे एक अडचण आहे आणि ती मला टाळायची नाही.

“माझ्या भक्ताचा नाश होत नाही.” या वचनावरून कुणी म्हणालं, “अमक्याचा नाश झाला, म्हणून तो भक्त नव्हता,” तर ही चाल कुठली? दुसरी! रस्ता कोरडा, म्हणून पाऊस नाही. ही चाल तर बरोबर आहे. म्हणजे काकूंना बोलणारे ते नातेवाईक तर्काच्या बाजूने बरोबर ठरले का?

उत्तर देण्याआधी चोखोबांकडे जाऊ. संत चोखामेळा मंगळवेढ्याचे. 1338 साली तिथे गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली दबून त्यांचा अंत झाला. जातीमुळे ज्यांना विठ्ठलाच्या देवळात पाऊलही टाकू दिलं नाही, ते असे गेले. परंपरा सांगते की नामदेव महाराजांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. आजही वारकरी आधी तिथे माथा टेकतो.

आता तोच तर्क लावून बघा. भक्ताचा नाश होत नाही. चोखोबा भिंतीखाली गेले. म्हणून चोखोबा भक्त नव्हते.

हा निष्कर्ष कुठला वारकरी मान्य करेल? कुणीच नाही. तुकाराम महाराजांचंही तसंच. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले, धंदा बुडाला. ते भक्त नव्हते म्हणायचं?

तर्काची चाल बरोबर आणि निष्कर्ष मात्र खोटा, असं झालं की समजायचं, आपण आत घातलेल्या वाक्यांपैकी एक चुकलं आहे. भगवंताचं वचन चुकलेलं नाही. मग “चोखोबांचा नाश झाला” हे आपलं वाक्य चुकलं. भिंतीखाली शरीर जाणं, कर्करोग होणं, दुकान बुडणं याला भगवान नाश म्हणतच नाहीत. ते कशाला नाश म्हणतात, ते त्याच श्लोकाच्या पहिल्या अर्ध्यात आहे : माणूस धर्मात्मा होतो, शांत होतो. त्या वाटेवरून तो कायमचा घसरणार नाही, हे ते वचन आहे.

एकाच शब्दाला वचनात एक अर्थ आणि आपल्या बोलण्यात दुसरा अर्थ, याला न्यायशास्त्रात ‘वाक्छल’ म्हणतात. त्यांचं उदाहरण मजेशीर आहे. कुणी म्हणतं, या मुलाकडे ‘नव’ कांबळं आहे, म्हणजे नवीन. ऐकणारा वाद घालतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसतंय! ‘नव’वरून झालेली ही फसगत हसण्यावारी नेता येते. ‘नाश’वरून झाली की एखादी आजारी बाई रात्रभर जागी राहते.

“पण कर्माचं फळ तर असतंच ना?”

हा प्रश्न येणारच. वाईट कर्म केलं तर वाईट फळ मिळतं, हे आपण मानतो. पण समोर दुःख दिसलं म्हणून “याने वाईट कर्म केलं असणार” हे म्हणणं पुन्हा तिसरी चाल.

कुणी म्हणेल, इथे ‘तरच’ आहे, कर्माशिवाय फळ नसतंच. ठीक आहे, वादासाठी तेही मान्य करू. तरी त्यातून निघतं एवढंच की कधीतरी, काहीतरी कर्म घडलं होतं. कुठलं, केव्हाचं, किती मोठं, यातलं काहीही निघत नाही. आणि ते जाणायला जे ज्ञान लागतं ते आपल्यापाशी आहे का? चौथ्या अध्यायाच्या पाचव्या श्लोकात भगवान अर्जुनाला सांगतात की माझे आणि तुझे कितीतरी जन्म होऊन गेले, मी ते सगळे जाणतो, तू जाणत नाहीस. म्हणजे प्रत्यक्ष अर्जुनाला स्वतःचे मागचे जन्म माहीत नाहीत. मग आपल्याला दुसऱ्याचे कुठून कळले? त्याच अध्यायात, 17व्या श्लोकात, कर्माची गती समजायला फार अवघड आहे असं म्हटलंय. अठराव्या अध्यायाच्या 14व्या श्लोकात तर कुठल्याही कर्मामागे पाच कारणं मोजली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवं दैव. पाचांपैकी एकट्या कर्त्याकडे बोट दाखवणाऱ्याला गीता पुढे चांगलं म्हणत नाही.

ही फक्त घरगुती बोलण्याची बाब नाही. “अमक्या जातीत जन्म झाला, म्हणजे मागच्या जन्मीचं पाप” हा उलटा तर्क आपल्या समाजाने शतकानुशतकं वापरला. माणसांना देवळाबाहेर ठेवण्याची कारणं अनेक होती, पण मन शांत ठेवायला हा तर्क कामी आला. चोखोबा गेल्यानंतर 600 वर्षांनी, 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं, तेव्हा पंढरपूरच्या विठ्ठलाचं देऊळ सर्वांना उघडलं. निष्कर्ष काढताना घातलेला एक चुकीचा ‘च’ किती महागात पडू शकतो!

मग दुसरी चाल वापरायचीच नाही का?

वापरायची. पण तिची जागा वेगळी आहे.

30व्या श्लोकात ‘तरी’ आहे : दुराचारी असला तरी. काही जण एवढंच धरतात आणि म्हणतात, “भक्ती आहे ना, मग वागणं कसंही चालेल.” एखाद्या बाबांवर गंभीर आरोप झाले की त्यांचे अनुयायी हाच श्लोक पुढे करतात. पण ‘तरी’ कालच्या दिवसाबद्दल आहे. तुझा भूतकाळ वाट अडवणार नाही, एवढं ते सांगतं. उद्याबद्दल 31वा श्लोक बोलतो : अनन्य भक्ती असली, तर माणूस लवकरच धर्मात्मा होतो. यावर दुसरी चाल लावा. वर्षं गेली आणि माणूस धर्मात्मा होताना दिसत नाही, उलट लोकांना फसवतोच आहे, तर ती भक्ती अनन्य नाही. हा निष्कर्ष पक्का आहे. इथे शब्दाचा अर्थही बदललेला नाही, कारण धर्मात्मा होणं वागण्यातच दिसतं.

म्हणून हा आरसा आधी स्वतःसमोर धरायचा. माझी माळ चालू आहे, पण घरकामाच्या मावशींशी माझं बोलणं तितकंच तुसडं आहे का? जप वाढतोय आणि राग कमी होत नाहीये का? मग माझ्या जपाकडे मला परत बघायला हवं. दुसऱ्याच्या दुखण्यावरून त्याची भक्ती मोजता येत नाही. माझ्या वागण्यावरून माझी मोजता येते.

चुकलेली माळ

आणि एक शेवटचं, कारण आपल्या वयाच्या अनेकांना हा त्रास होतो. नाइट शिफ्ट, परीक्षा, प्रवास, कशानेतरी नित्यनेम मोडतो आणि लगेच पोटात गोळा येतो : “आता काहीतरी वाईट होणार.” नीट बघा, ही चौथी चाल आहे. जप केला तर मन शांत होतं. आज जप झाला नाही, म्हणून देव कोपला? वचनात असं नाहीच. उलट दुसऱ्या अध्यायाच्या 40व्या श्लोकात स्पष्ट सांगितलंय की या वाटेवर सुरू केलेलं वाया जात नाही, उलटा दोषही लागत नाही, थोडंसं केलेलंही मोठ्या भयातून सोडवतं. ज्या साधनेने भीती जायची, तिचीच भीती घेऊन बसायचं का? उद्या परत माळ हातात घ्यायची, बस.

आज वाचताना

कुठलंही वचन, कथा, फलश्रुती वाचताना स्वतःला तीन प्रश्न विचारून बघा.

इथे ‘तर’ म्हटलंय की ‘तरच’? ‘च’ ग्रंथातला आहे की माझा?

वचनातल्या शब्दाचा जो अर्थ आहे, तोच मी घेतोय का? नाश, कृपा, फळ, संरक्षण हे शब्द विशेष जपून.

आणि या निष्कर्षाने मी कुणाला मोजतोय? स्वतःला की समोरच्याला?

अठराव्या अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर, भगवान अर्जुनाला म्हणतात की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. ज्याने विचार करायला सांगितलं, त्याच्या वचनावर नीट विचार करणं ही त्याची सेवाच आहे.

आजचा संकल्प : आज कुणी आपलं दुःख सांगितलं, तर कारण शोधायचं नाही. शेजारी बसायचं, पाणी विचारायचं, डॉक्टरकडे जायचं असेल तर रिक्षा बोलवायची.

पांडुरंगा, तुझ्या वचनांवर आमचा विश्वास राहू दे. आणि तू न बोललेलं तुझ्या नावावर आमच्या तोंडून जाऊ देऊ नकोस.

राम कृष्ण हरी!